दारावरचा लिंब

घागर घेऊन मनकर्णानं दार उघडलं आणि कपाळाला काहीतरी गार, ओलसर लागलं. पाल पडली असं वाटून ती मागं सरकली, घागर चौकटीवर आपटून ठण्णकन वाजली, आत मित्रा झोपेत कण्हली. मग तिनं वर पाहिलं. चौकटीच्या खिळ्याला लिंबाचा डहाळा टांगलेला होता. नुकता तोडलेला. चैत्रातली तांबूस कोवळी पानं, मधेमधे पांढऱ्या मोहराचे तुरे, देठाला सुतळीची घट्ट गाठ. यंदाच्या दुष्काळात केडगावच्या आसपास हिरवं म्हणून काही उरलं नव्हतं. ओढे आटून त्यांच्या वाळूच्या वाटा झाल्या होत्या, बांधावरच्या बाभळीसुद्धा पोपडे धरून उभ्या होत्या. एकटा लिंब तेवढा हट्टानं पालवला होता. पुणे रस्त्यावरून जाताना तो दिसला की डोळ्यांना बरं वाटायचं. आज तोच मनकर्णाच्या दारावर होता. खोल्यांच्या ओळीतली सगळी दारं उघडी होती आणि सगळ्या दारांच्या चौकटी रिकाम्या होत्या. फक्त हिच्या दारावर खूण.

कलाबाईचंच काम. दुसऱ्या कुणाचं असणार? भिंतीपलीकडच्या खोलीत राहणारी कलाबाई, एस.टी.तल्या ड्रायव्हरची बायको. काल संध्याकाळी मनकर्णा आणि तिचा नवरा सहादेव मित्राला डॉक्टरांकडून घेऊन टांग्यातून उतरले, तेव्हा ही बया ओट्यावर रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसली होती. सुपातला हात थांबवून, मान उंच करून तिनं पोरीच्या गळ्यावरचे फोड बघून घेतले होते. ‘काय वो मित्राच्या आई, अंगावर उठलं व्हय?’ ‘कांजिण्या आहेत,’ मनकर्णा म्हणाली होती, शब्दावर जोर देऊन, ठासून, वर्गात पोरांना सांगावं तशी. डॉक्टरांनीही तसंच सांगितलं होतं. देवी नव्हे, कांजिण्या. लस टोचलेली आहे ना, मग घाबरू नका. नखं काढा, फोड खाजवू देऊ नका, लहान मुलांना जवळ येऊ देऊ नका. रात्री मनकर्णानं झोपलेल्या पोरीची नखं काढली होती, गुलाबी औषध कापसानं एकेका फोडावर टिपलं होतं, आणि सगळं झाल्यावर कंदिलाच्या उजेडात तिच्या दंडावरची लशीची खूण पुन्हापुन्हा चाचपली होती. आहे. खूण आहे. वाळलेल्या चिंचोक्यासारखी गोल, खडबडीत. तिला त्या खुणेचा आधार वाटत होता. आणि त्याच पोरीच्या दारावर कुणीतरी रातोरात दुसरी खूण लावून गेलं होतं.

डहाळा ओरबाडून काढायला तिनं हात वर नेला आणि थांबली. काढताना कुणी पाहिलं तर? देवीचा लिंब तोडला म्हणतील, उद्या त्यांच्या एखाद्या पोराला ताप आला तर तो हिच्या माथी येईल. बी.ए. झालेल्या बाईनं असा विचार करावा याचा तिला संताप आला. पण विचार आला तो आलाच. नळाला पाणी फक्त सकाळी यायचं, तेही करंगळीएवढं. ती घागर घेऊन तशीच निघाली.

नळावर बायका दिसल्या आणि त्यांची बोलणी थांबली. रोजचंच होतं ते, पण आज थांबण्यात वेगळी चव होती. कलाबाईची सासू छबूबाई नळाशी उकिडवी बसली होती. तिनं पदर नाकाला लावला.

‘घागर जरा लांब ठिवा बाई,’ छबूबाई म्हणाली. ‘देवीच्या घरची हाय.’

‘कांजिण्या आहेत, आजी. देवी नाही.’

‘मंग दारावर काय हाय?’

‘तेच विचारणार होते मी,’ मनकर्णा म्हणाली. तिनं कलाबाईकडं पाहिलं. कलाबाई नळाचं तोंड राखेनं घासत होती. मनकर्णाच्या आधी पाणी भरायचं असलं तरी घासायची, नंतर भरायचं असलं तरी घासायची. गप्पा मारता मारता, मराठी शाळेतल्या बाईंची नक्कल करता करता, हसता हसता. आपण काय करतोय हे त्या हाताला ठाऊक होतं, तोंडाला ठाऊक नसावं.

‘म्या म्हनलं सासूला,’ कलाबाई घासता घासता म्हणाली, ‘या लोकांनी तर देव सोडलं समदं. आता तुमच्यातबी देवी मानाया लागले व्हय, मित्राच्या आई?’

एकदोघी हसल्या. वाईट हसणं नव्हतं ते; कुणाचं चोरून पान खाणं उघडकीस यावं तसं. मनकर्णाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

‘आली असेल तर तुमच्या पोराकडूनच, मच्छिंद्रकडून आली,’ ती म्हणाली. ‘तो बरा होऊन उठल्यावर मित्राबरोबरच खेळत होता.’

‘आमची उतरली की!’ छबूबाई तटकन म्हणाली. ‘वाजतगाजत बोळवली आमी. दहीभाताचा निवद दिला. आमची आमच्या वाटंनं गेली. तुमची कोन जानं कुठली.’

घागर अर्धी भरली आणि नळ फुरफुरला, गेला. अर्ध्या घागरीनिशी परत येताना मनकर्णाला ते वाक्य पायात येत राहिलं. तुमची कोण जाणे कुठली. म्हणजे देवीलाही जात होती. एकाच पोराच्या अंगावरून उठून दुसऱ्या पोरीच्या अंगावर बसली एवढ्यात तिचं गोत्र बदललं. रोगानं काही विचारलं नव्हतं. तो एका गोटीवरून दुसऱ्या बोटांवर, एका चिंचेच्या बुटकावरून दुसऱ्या ओठांवर बिनदिक्कत आला होता, आणि आता त्याच्या मागून माणसं हिशेब घेऊन आली होती.

कारण हाच लिंब मच्छिंद्रच्या दारावर होता. पाडव्याच्या आधी. अगदी असाच, याच उंचीवर. आणि त्या दिवसांत कलाबाईच्या दाराला उसंत नव्हती. ओळीतल्या बायका, रस्त्यापलीकडच्या बायका, वेशीजवळून कलाबाईच्या माहेरची माणसं. उंबऱ्याशी पाण्याचा तांब्या भरून ठेवलेला. येणारी पाय धुवायची, वहाणा दूर काढायची, आत जाऊन मच्छिंद्रच्या पायावर डोकं टेकवायची. शेंबडं पोर, मनकर्णाच्या पोरीची गोटी लांबवणारं, खाटेवर उशीला टेकून बसलं होतं आणि म्हाताऱ्या त्याला ‘आई, शांत हो’ म्हणत होत्या. घरात फोडणी बंद होती, चढ्या आवाजात बोलणं बंद होतं. त्या लिंबाचा अर्थ होता, या घरी पाहुणी आली आहे, जपून या, पण या. मनकर्णाही गेली होती. काय करावं ते कळत नव्हतं. तिच्या घरात देवी नव्हती, भिंतीवर बुद्ध होते आणि बाबासाहेब होते. पण शेजारचं पोर आजारी आहे, एवढं कारण तिला पुरेसं वाटलं. तिनं कवडी दही लावलं, वाटी पदराखाली धरून गेली. कलाबाई दारात आली होती. आत घे म्हणाली नाही, नको म्हणाली नाही. ‘हितंच ठिवा उंबऱ्याशी, आत गर्दी हाय,’ म्हणाली, आणि गोड हसली. दुसऱ्या दिवशी वाटी राखेनं लखलखीत घासून ओट्यावर पालथी ठेवलेली मिळाली. दह्याचं काय झालं ते मनकर्णानं कुणालाच विचारलं नाही. मग पाडवा आला. बरा झालेल्या मच्छिंद्रला नवी टोपी घातली, कलाबाईच्या दारात गुढी उभी राहिली, आणि गुढीच्या कळकाला साखरेच्या गाठीशेजारी पुन्हा तोच लिंब. तेव्हा तो नव्या वर्षाचा. ओळीतल्या प्रत्येक दारी होता, आणि ज्या एका दारी नव्हता त्या दाराकडं बघून बायका काही बोलल्या नव्हत्या, नुसत्या बघून गेल्या होत्या. तेव्हा नव्हता म्हणून खूण. आज आहे म्हणून खूण.

मित्रा जागी झाली होती. गोधडीवर बसून पायांवरचे फोड बघत होती. ‘खाजवू नको,’ मनकर्णा म्हणाली. ‘नाही खाजवत,’ मित्रा म्हणाली आणि हात मांड्यांखाली घालून बसली. शहाणी पोर. संघमित्रा हे नाव सहादेवानं मोठ्या हौसेनं ठेवलं होतं. ओळीत ते कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून मित्रा झालं. तिच्या गालावर, पापणीच्या अगदी कडेला, एक नवा फोड आला होता. डोळ्यात गेला तर? रात्री नव्हता. रात्री नक्की नव्हता, तिनं एकेक बघितला होता. ती वाकून बघू लागली तशी मित्रानं खाली मान घातली, आणि हळूच, लाजत, विचारलं,

‘आई, मी देवी झाले ना गं?’

‘कुणी सांगितलं?’

‘दारावर लिंब आहे ना. मी बघितला. मच्छिंद्र झाला होता तेव्हा होता.’ मग थोडं थांबून, ‘आई, माझ्या पाया पडायला बायका कधी येणार? मला तो पिवळा फ्रॉक घाल ना.’

मनकर्णानं ट्रंक उघडली. तिनं फ्रॉक काढला. पिवळा, फुग्याच्या बाह्यांचा, गेल्या जयंतीला शिवलेला. काखेत तो आता तंग होत होता, फोडांना लागेल म्हणून तिनं शिवण उसवली. पोरगी केस विंचरून, पाय पुढं पसरून, पायांवरून फ्रॉकची घडी नीट करून, दाराकडं तोंड करून बसली. बायकांना डोकं टेकायला सोपं जावं म्हणून.

आत चुलीपाशी जाऊन मनकर्णा उभी राहिली, नुसती. लिंबाचा कडवट वास वाऱ्यानं आत येत होता, आणि त्या वासाबरोबर श्रीरामपूरकडचं माहेरचं गाव येत होतं, नको म्हटलं तरी. कचरू, तिचा धाकटा भाऊ, तापानं फणफणला होता तेव्हा आईनं मरीआईला नवस बोलला, आणि तो उठला म्हणून फेडला. लिंब नेसून. अंगावर लुगडं नाही, कमरेभोवती, छातीभोवती लिंबाचे डहाळे गुंडाळून वेशीपासून देवळापर्यंत चालत. हलगी वाजत होती. एक डहाळा सुटत होता तो धरून मनकर्णा आईच्या बाजूनं चालत होती, मित्रापेक्षा थोडी मोठी असेल. ओट्याओट्यांवर गावातले बाप्ये बसले होते. ते हात जोडत होते. हात जोडले होते आणि डोळे पानांच्या फटीतून फिरत होते. त्या पोरवयात तिला त्याचा अर्थ कळला नव्हता, पण हातातला डहाळा तिनं आईच्या अंगाशी घट्ट दाबून धरला होता, इतका की आई म्हणाली, ‘अगं, काड्या रुततात.’ गावात पटकी आली, देवी आली, की मरीआईचा गाडा ओढून शिवेबाहेर नेऊन सोडायचं काम वेशीबाहेरच्या त्यांच्या वाड्याकडं. देवी गावाची, पूजा गावाची. रोगाचा गाडा ओढायचा तो यांनी. मग छप्पन साल आलं. वडील नागपूरहून परत आले, पाटीत सगळे देव घातले आणि प्रवरेत सोडून आले. आई काठावर उभी होती. रडली नाही. पण पुढं कचरूला गोवर निघाला तेव्हा मनकर्णानं पाहिलं होतं. दारावर काही नव्हतं, दाराच्या मागं, पोत्याच्या आड, एवढीशी लिंबाची काडी खोचलेली. वडिलांनीही ती पाहिली असावी. ते दार हळू लावू लागले होते. कचरू वाचला, आज साखर कारखान्यात आहे. कशानं वाचला हे आईनं कधी सांगितलं नाही, वडिलांनी विचारलं नाही. त्या काडीचा मनकर्णाला कधी राग आला नव्हता. ती आईची काडी होती, आईच्या भीतीची. पण आज बाहेर लोंबतोय तो कुणाच्या भीतीचा आहे?

‘घरात कोणी आहे का?’

बाहेर सायकल टेकवल्याचा आवाज. मित्रा ताठ बसली. दारात खाकी पँटीतला, गळ्यात पिशवी अडकवलेला माणूस उभा होता. लस टोचायला फिरतात त्यांतला, आरोग्य खात्याचा. त्यानं डहाळा हातानं बाजूला सारला, पडदा सारावा तसा, आणि वहाणा काढून आत आला.

‘देवीचा संशय आहे का, ताई?’

‘कांजिण्या आहेत. डॉक्टरांनी बघितलंय.’

त्यानं मित्रासमोर बैठक मारली, तिचा हात हातात घेतला, तळवा उलटासुलटा करून पाहिला, पाठीवरचे फोड पाहिले, दंडावरची खूण पाहिली. त्याच्या बोटांना नळाच्या राखेचा वास नव्हता. मनकर्णाला उगाच भरून आलं. ‘कांजिण्याच,’ तो म्हणाला. ‘छान टोचलीये लस. काय गं, फ्रॉक कुणी शिवला?’ मित्रानं पाय थोडे पुढं सरकवले, आणखी थोडे. त्याला ते कळलं नाही. उठता उठता तो हसला. ‘आम्हाला हा लिंब बरा पडतो, ताई. लोक देवी लपवतात, विचारलं तर नाही म्हणतात. पण लिंब मात्र बाहेर लावतात. म्हणजे घराचा पत्ताच लिहून ठेवतात की आमच्यासाठी. लांबून दिसला की सायकल वळवायची.’

‘चहा घेता?’ मनकर्णानं विचारलं.

‘घेतला असता,’ तो म्हणाला, ‘पण पलीकडची वस्ती करायची आहे उन्हाच्या आत.’

तो गेला. घरात आला, बसला, पोरीला हात लावला, असा या ओळीत राहायला आल्यापासूनचा हा पहिला परका माणूस, आणि तोही लिंब बघून, सरकारी कामाला. मित्रानं विचारलं, ‘ते पाया का नाही पडले?’ ‘ते घाईत होते,’ मनकर्णा म्हणाली. आणि तिनं ठरवलं. सहादेव बर्फाचे खडे आणि काकडी-कलिंगड काही मिळतं का बघायला पहाटेच शहरात गेला होता, तो येऊ दे, पोरीजवळ बसू दे, मग कलाबाईच्या ओट्यावर जाऊन उभं राहायचं आणि विचारायचं. चढ्या आवाजात. सबंध ओळीला ऐकू जाईल असं.

सहादेव उन्हातून आला. डहाळा चुकवण्यासाठी वाकून आत शिरला, सहज, सवयीनं वाकावा तसा. पाटबंधारे खात्यात कारकून होता तो. हिवाळ्यापासून पाडव्यापर्यंत दुष्काळी कामांवर राजूरकडं होता, रविवार तेवढा घरी. मनकर्णानं पदर खोचला.

‘इथं बसा हिच्यापाशी. मी जरा कलाबाईकडं जाऊन येते.’

‘कशाला?’

‘कशाला म्हणजे? आंधळे आहात? दारावर काय बांधून गेलीये बघितलं नाही? त्यांच्या पोराचा रोग, आमच्या दारावर झेंडा! आज सोडायची नाही मी तिला.’

‘अगं, हळू.’

‘का हळू? किती दिवस हळू?’

‘तिनं नाही बांधला,’ सहादेव म्हणाला. बर्फाचा रुमाल त्यानं परातीत ठेवला. पाणी ठिबकत होतं. ‘मी बांधला.’

मनकर्णा त्याच्याकडं बघत राहिली. हा तोच माणूस. लग्नात भटजी नको म्हणून थोरल्या चुलत्याशी भांडलेला. रोज सकाळी पोरीला मांडीवर घेऊन वंदना म्हणणारा. तिला वाटलं तो आता पोरीच्या जिवाला भ्यायलो म्हणून सांगेल, आणि तसं सांगितलं तर आपण काहीच बोलणार नाही, दाराआडच्या काडीसारखं तेही सोडून देऊ. पण तो तसं बोलला नाही.

‘देवीबिवीसाठी नाही,’ तो म्हणाला. ‘मला काय देवी. पण या घरात आलो तेव्हापासून कोण आलंय आपल्याकडं? संक्रांतीला तू तिळगूळ करून दार उघडं टाकून बसलीस. संध्याकाळी तो डबा मी उचलून वर ठेवला, तू बघत नव्हतीस तेव्हा. आता पोर आजारी. कोणी येणार नाही, हे मला माहीत आहे, तुला माहीत आहे. म्हटलं, लिंब असला की लोक लांब राहतात. आमच्या वाड्याच्या तोंडाशी लिंब लावला की गावचं माणूस आत पाऊल टाकत नसे, तलाठीसुद्धा नाही. म्हटलं, आले नाहीत तर लिंबामुळं आले नाहीत असं होईल. निदान... कारण तरी असतं.’

ठिबकणाऱ्या बर्फाचा आवाज येत होता. मनकर्णाला सगळं एकदम दिसलं. लहानपणापासून यानं लिंब एकाच बाजूनं पाहिला होता, वाड्याच्या आतल्या बाजूनं. त्याच्या लेखी लिंब म्हणजे इकडं येऊ नका. गावातल्या घरात त्याच लिंबाखालून बायका दह्याच्या वाट्या घेऊन आत जातात हे या माणसाला कधी दिसलंच नव्हतं. मच्छिंद्रच्या वेळी तो राजूरला होता. आणि अपमान झाकायला त्यानं नेमकी तीच खूण शोधून काढली होती जी शेजारच्या दारावर आवतण होती.

‘मच्छिंद्रच्या दारावर हाच लिंब होता,’ ती म्हणाली. ‘तेव्हा रांग लागली होती, अहो. रांग. पाय धुवून आत जात होत्या बायका. पाया पडत होत्या त्याच्या. पोरीनं बघितलंय ते. म्हणून पिवळा फ्रॉक घालून बसलीये ती सकाळपासून. पाय पुढं करून.’

सहादेवानं मित्राकडं पाहिलं. पाहिलं आणि त्याचा चेहरा असा झाला की मनकर्णानं नजर वळवली. तिला त्याची कीव येऊ लागली होती आणि तिला ती यायला नको होती; कीव आली की राग विरघळतो, आणि राग विरघळला की उद्यापासून पुन्हा लांब ठेवलेली घागर, पुन्हा गोड हसणं, पुन्हा पालथी वाटी. कारण पाहिजे म्हणे यांना. न येणाऱ्यांच्या तोंडात आपणच कारण घालायचं, आपणच सुतळी शोधायची, आपणच गाठ मारायची. पोरीला कळू नये म्हणून पोरीच्याच कपाळी. आईनं पानं नेसली ती गावापुढं, यानं पानं बांधली ती ओळीपुढं, आणि प्रत्येक वेळी बघणाऱ्यानं त्या पानांत त्याला हवं तेच पाहिलं. हिरवा पाला तो. त्याला काय तोंड आहे? जो बोलेल त्याचा तो.

ती उठली. दारात गेली, दोन्ही हातांनी डहाळा ओढला. सुतळी तुटेना, खिळाच निघून आला. डहाळा तिनं रस्त्याकडेला शेळ्या बसल्या होत्या त्यांच्यापुढं टाकला. छबूबाई ओट्यावरून ‘अगं ए, अगं’ करून ओरडली. मनकर्णा आत आली, चुलीतून विझका कोळसा घेतला, आणि दाराशेजारच्या चुन्याच्या भिंतीवर, पाट्या लिहितात तशा मोठ्या अक्षरात लिहायला लागली. कोळसा मोडत होता, बोटं काळी होत होती.

‘घरमालक काय म्हणेल?’ सहादेव आतून म्हणाला.

‘म्हणू दे.’

तिनं लिहिलं. मग दोन पावलं मागं जाऊन वाचलं, आणि एक ओळ वाढवली. कलाबाई भिजल्या हातांनी बाहेर आली होती. आणखी दोन दारांत बायका आल्या. कुणालाच वाचता येत नव्हतं, किंवा येत असलं तरी तसं दाखवायचं नव्हतं.

‘काय लिवलं वो?’ छबूबाईनं विचारलं. ‘शिव्या घातल्या का आमाला?’

‘ऐका,’ मनकर्णा म्हणाली, आणि बोट ठेवून वाचू लागली. ‘या घरात संघमित्राला कांजिण्या आहेत. देवी नाहीत. लहान मुलांना आणू नये. मोठ्या माणसांनी यावे.’ आणि वाढवलेली ओळ, ‘ज्यांना यायचे नाही, त्यांनी कांजिण्यांचे कारण सांगू नये.’

रस्त्यावरून एक ट्रक पुण्याकडं गेला, त्याची धूळ ओट्यांवर बसली. छबूबाई विचार करत होती. म्हातारीला खरंच कोडं पडलं होतं.

‘देवी न्हाई म्हनतीस,’ ती म्हणाली, ‘मंग यायचं कुनाकडं?’

‘माझ्याकडं,’ मनकर्णा म्हणाली. ‘माझ्या पोरीकडं. मी तुमच्या मच्छिंद्रकडं आले होते, आजी. देवीकडं नव्हते आले.’

छबूबाईनं सुनेकडं पाहिलं. कलाबाईचा ओला हात लुगड्याला पुसता पुसता मधेच थांबला. ती काहीतरी बोलेल असं वाटलं. ओठ हललेही. मग ती म्हणाली, ‘भाकर करपंल,’ आणि आत गेली. तिच्या मागं एकेक दार रिकामं होऊ लागलं. आतून सहादेव बाहेर आला होता. तो मनकर्णाच्या शेजारी येऊन उभा राहिला, भिंतीला पाठ न टेकता, हात मागं बांधून. ‘पुरे’ म्हणाला नाही.

‘आई,’ आतून मित्रानं हाक मारली, ‘येतायत का?’

मनकर्णानं भिंतीवर काळं बोट ठेवलं, आणि पहिल्या शब्दापासून, सबंध ओळीला ऐकू जाईल अशा आवाजात, पुन्हा वाचायला सुरुवात केली.